पुतळामावशीचा अर्धा धवला

शिरवण्यात पुतळामावशीशिवाय हळद लागत नाही. मावशी धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणायचा मान धवलारणीचा. चाळीस वर्षांत तिनं निम्म्या गावाची लग्नं गाऊन लावली. अशी बाई आमच्या केंद्रात काम करायला तयार झाली, तेव्हा मी अक्षरशः उडी मारली.

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि दारावर ‘युवा व कुटुंब समुपदेशन’ असा बोर्ड. मुलंमुली चोरून का होईना, येत. आईबाप बोर्ड वाचून रस्ता बदलत. ‘आमचे घरान कुनी येडं नाय’, हे उत्तर मला तोंडपाठ झालं होतं. मी उत्कर्षा, साताऱ्याच्या माथाडी कामगाराची लेक. डिग्री आहे, पण या गावात मला कोण विचारतो? मावशीला मात्र कुठल्याही घरात न मागता चहा मिळतो. म्हणून मी तिला ‘सोबती’ केलं, म्हणजे मुलांशी आणि घरच्यांशी बोलणारी स्वयंसेवक. नियम दोनच सांगितले. ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. आणि इथलं बोलणं इथंच ठेवायचं.

“ऐकताना तोंडाचं काय कराचं?” मावशीनं विचारलं.

“बंद ठेवायचं.”

“मंग कठीन हाय.”

कठीण होतंच. पहिल्याच आठवड्यात प्रिया आली. गोटीराम बिल्डरची मुलगी, वय एकोणीस. विमान दुरुस्तीच्या दोन वर्षांच्या कोर्सला तिची निवड झाली होती, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि घरात लग्नाचं बघत होते. मी आतल्या खोलीत फोनवर होते. रडत रडत ती मावशीला एवढंच म्हणाली, “बाबा कसलीही स्थळं आणतायत.” कोर्सचं मला नंतर सांगितलं. मावशीला वाटलं, चांगलं स्थळ मिळत नाही एवढंच पोरीचं दुःख. धवलारणीला आणखी काय वाटणार? त्याच संध्याकाळी ती गोटीरामच्या ओट्यावर जाऊन बसली. उलव्याच्या देवजीचा मुलगा सुचवला, वर ‘पोरगी केंद्रान रडत व्हती’ हेही सांगून टाकलं. गोटीरामला स्थळ इतकं आवडलं की रविवारी शब्द द्यायचं ठरलंसुद्धा.

शनिवारी प्रियाचा फोन आला. “ताई, तुमच्याकडे बोलले ते घरी कसं पोचलं?”

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष. मावशीला मी फैलावर घेतलं. तिला स्थळ नाही, कोर्स हवा होता, दोन नियम होते, दोन्ही मोडलेत, ही मुलगी आता जन्मात कुणाशी बोलणार नाही, असं बरंच काही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “उद्या मी जातंय. पन आदी पोरीला इचार, मी आलेली चालंल का.”

विचारायचं तिला सुचलं, तिथंच माझा राग निम्मा उतरला. प्रिया म्हणाली, “येऊ दे. आता अजून काय बिघडणारे?”

देवजीकडची मंडळी अकराला येणार होती, आम्ही नऊला पोचलो. गोटीराम कडक इस्त्रीत. “आलीस मावशे? बस, बस. एक धवला म्हन, काम शुभ व्हईल.”

“आदी माझी चूक ऐक,” मावशी म्हणाली. “पोरीला न इचारता मी स्थल आनला. ती काय सांगत व्हती ते मी ऐकलाच नाय. तू तरी ऐक.”

गोटीरामचा आवाज चढला. पोरीला काय विचारायचं, बाप कोण आहे, देवजीला काय तोंड दाखवू! प्रिया भिंतीला टेकून उभी होती. मी मध्ये पडणार, तेवढ्यात मावशीनं डोक्यावर पदर घेतला आणि धवला सुरू केला.

धवला सुरू असताना घरचा कर्तासुद्धा मध्ये बोलत नाही. बोलला तर अपशकुन. गोटीरामचं तोंड उघडं होतं तसंच मिटलं. मावशीनं गावदेवीला बोलावलं, मग गोटीरामच्या वारलेल्या आईला नाव घेऊन बोलावलं, आणि ऐन मध्यावर थांबली. धवला थांबला होता, पण संपला नव्हता. गोटीराम अडकला.

“बोल प्रिया,” मावशी म्हणाली.

प्रिया भिंतीपासून पुढं आली. म्हणाली, “बाबा, गच्चीवरून विमान दिसलं की तुम्हीच मला हाक मारायचे. बघ म्हणायचे. मला ते आतून बघायचंय, उद्या विमान दुरुस्तीच्या कोर्सला हजर व्हायचंय. लग्न नको असं नाही. आत्ता नको. मी निवड झाल्याचं सांगितलं नाही, कारण तुम्ही ‘नाय’ बोलले असते तर मी परत कधी विचारलंच नसतं.” मला तीनदा मध्ये बोलावंसं वाटलं. तिन्ही वेळा मावशीनं मला चिमटा काढला.

गोटीरामनं लेकीकडे बघितलं. मग ‘बोलू का’ म्हणून त्यानं मावशीकडे पाहिलं, तिनं मान हलवली.

“किती वाजता हजर व्हाचंय?” त्यानं विचारलं.

मी आनंदानं किंचाळले असते, पण चौथा चिमटा नको होता. गोटीरामनं देवजीला फोन लावला, चूक आपल्या अंगावर घेतली, माफी मागितली. फोन ठेवला तेव्हा त्याला भलतीच काळजी लागली. “धवला अर्धा ऱ्हायला, मावशे.”

“ऱ्हायला नाय, मी राखलाय,” मावशी म्हणाली. “पोरगी बोलवंल तवा पुरा करीन.”

सोमवारी प्रियाला सोडायला गोटीराम स्वतः गेला. आणि मंगळवारी तो आमच्या दारात! बोर्ड वाचला, चप्पल काढली, आत येऊन बसला. बोर्ड लावल्यापासून आलेला गावातला पहिला बाप. “आमचा पोरगा केतन घरान कुनाशी बोलत नाय,” तो म्हणाला. “मना त्याचेशी कसं बोलाचं ते कलत नाय.”

माझ्याकडे चांगले पाच उपाय तयार होते. मी तोंड उघडलं, आणि टेबलाखालून मावशीनं चिमटा काढला.