इंग्लिशकाकूंचं गाव

इंग्लिशकाकू पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारत नसत. "तू कुणाची?" असं विचारत. लग्न होऊन मी अमेरिकेत श्रूजबरीला आले त्याला महिनाही झाला नव्हता. एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये कोजागिरीचं दूध चाललं होतं, आणि निळ्या डोळ्यांच्या, सुती साडी नेसलेल्या एक गोऱ्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी नवऱ्याचं नाव सांगितलं. "ते नको. आईवडील कोण? आजोबा काय करायचे? गाव कुठला?" मी वेंगुर्ला म्हटलं. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. "म्हणजे घराजवळ समुद्र. मग तुला कळेल," म्हणाल्या. काय कळेल, ते मात्र सांगितलं नाही.

डॉक्टरकाका मूळचे पुण्याचे, भूलतज्ज्ञ. लंडनच्या इस्पितळात शिकत असताना तिथल्या या नर्सशी त्यांनी लग्न केलं आणि पुढे दोघं अमेरिकेत आले. काकूंच्या सासूबाई शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून काकूंनी मराठी शिकून घेतलं. बोलणं सदाशिव पेठेतलं, फक्त लिंगाची गडबड. "ते खुर्ची इकडे आण," असं म्हणत. इथली मराठी मुलं हसायची. काकू हसणाऱ्या मुलालाच ती खुर्ची आणायला लावत.

दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे जात असे. मला अजून गाडी चालवता येत नव्हती, त्याच येऊन घेऊन जात. त्या काकांचे शर्ट इस्त्री करत आणि इस्त्री करता करता मला आपल्या गावातून फिरवून आणत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं लहानसं गाव, एका चर्चभोवती वसलेलं, मातीच्या कड्यावर. पहिलं घर बेकरीवाल्यांचं. त्यांच्या तीन पिढ्या. शेजारी हॅरल्ड. "त्याला मुली. धाकटी जोन, ती माझ्या भावाला दिली." मग घंटा वाजवणाऱ्याचं घर, मग जाळी विणणारी म्हातारी. कुणाचं लग्न कुणाशी झालं, कुणाला किती मुलं, कुठली नातवंडं कॅनडाला गेली, सगळं तोंडपाठ. पंचवीसेक वर्षं त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या, पण परगावी गेलेल्यांचीही खबर ठेवून होत्या.

जाळीवाल्या म्हातारीनंतर मात्र त्या थेट चर्चच्या फाटकाशी पोचत. एकदा मी विचारलं, "मध्ये काय आहे, काकू? मोकळी जागा?"

इस्त्री थांबली. "आमचं घर," त्या म्हणाल्या, आणि कॉलर पुन्हा पहिल्यापासून दाबायला लागल्या.

तिथल्या पाद्र्याचं पत्र आलं त्या हिवाळ्यात काकू बदलल्या. त्यांच्या गावचा कडा दरवर्षी थोडा थोडा समुद्रात कोसळे. आता चर्चच्या आवारातल्या जुन्या कबरींपर्यंत समुद्र पोचला होता. वसंतात त्या कबरी आत, उंचावरच्या जमिनीत हलवायच्या होत्या. ज्यांचे वारस हो म्हणतील त्यांच्याच. वारसांपैकी एकानंही नाही म्हटलं, तर कबर आहे तिथेच राहणार आणि कड्याबरोबर जाणार.

"माझा आई हलणार," काकू म्हणाल्या. "वडिलांबद्दल आर्थर नाही म्हणतोय."

आर्थर हा धाकटा भाऊ. शेतीची यंत्रं विकायचा. कामासाठी बॉस्टनला येणार होता आणि रविवारी जेवायला येतो असं त्यानं कळवलं होतं. मला डॉक्टरकाकांचा फोन आला. "शैला, तू जाऊन बस ग तिच्याजवळ. नेमका माझा कॉल आहे, मला हॉस्पिटल सोडता येत नाही. आणि ती एकटी नको."

मी कोशिंबीर घेऊन गेले. बाहेर बर्फ पडत होतं. काकूंनी कोंबडी भाजली होती, आणि त्या दिवशी साडीऐवजी करडा स्कर्ट घातला होता. त्या वेषात त्या मला परक्या वाटल्या. मी म्हटलं, "तुमच्या घरचं बोलणं आहे, मी स्वयंपाकघरात थांबते." तर म्हणाल्या, "नाही. टेबलावर बस. आपला माणूस हवाय मला."

आर्थर उंच होता, कान लाल झालेले, बोटं सतत काटा सरळ करणारी. माझ्याशी अदबीनं बोलला. जेवण अर्ध्यावर येईपर्यंत हवा, विमान, जोनची तब्येत असं चाललं होतं. मग त्यानं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हिनं तुम्हाला आमच्या वडिलांबद्दल सांगितलंय?"

मी मान हलवली. नाही.

मग त्यानंच सांगितलं. त्यांचे वडील गावच्या लाइफबोटीचे तांडेल होते. समुद्रात कुणी अडकलं की गावातले पुरुष ती वल्ह्यांची बोट घेऊन वाचवायला जात. न्यायची की नाही, हा शब्द तांडेलाचा. युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात, भर दुपारी, गावचंच एक मासेमारीचं होडकं बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यावर रुतलं. सगळा गाव किनाऱ्यावर जमला. माणसं तेलकट कोट चढवून बोटीपाशी उभी होती. वडिलांनी बराच वेळ समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही. आज बोट सुटणार नाही."

"होडक्यावर आमचा मोठा भाऊ होता," आर्थर म्हणाला. "जॅक. सगळ्यांनी उभं राहून बघितलं. होडकं गेलं. जॅक नंतर किनाऱ्याला लागला. आई त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलली नाही. एका टेबलावर जेवायचे दोघं. मीठ हवं असलं तर मला सांगायची, तुझ्या वडिलांना मीठ दे म्हणावं. मी आठ वर्षांचा होतो. घर सोडेपर्यंत मी मीठ देत होतो." तो काकूंकडे वळला. "तू गेलीस लंडनला. मग इकडे. आता म्हणतेस, त्यांना आईच्या आणि जॅकच्या शेजारी नेऊन ठेवू. नाही. समुद्रानं जॅकला नेलं तेव्हा ते बघत राहिले. आता समुद्र त्यांना नेईल तेव्हा मी बघत राहीन."

मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

"मी त्यांच्या शेजारी उभी होते, आर्थर," काकू इंग्रजीत हळू बोलल्या. "मी ओरडत होते, जा म्हणून. त्यांच्या कोटाला धरून हिसडत होते. भेकड म्हणाले मी त्यांना. सगळ्या गावासमोर. सगळ्यात आधी मी म्हणाले तो शब्द, नंतर गावानं."

ही गोष्ट आर्थरला माहीत नव्हती, हे दिसत होतं.

"मला वाटायचं, गेले असते तर जॅक आला असता. खूप वर्षं वाटायचं. अजूनही कधी वाटतं. मग मी मोजायला लागले. कोट घालून उभे होते ते कोण? बेकरीतला विल्यम. त्याला तेव्हा एकच मूल होतं. नंतर चार झाली. घंटावाल्याचा सॅम, त्याचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. आणि हॅरल्ड, तो पहिल्या वल्ह्यावर बसायचा. जोन कधी जन्मली?"

"तिचं नाव यात आणू नकोस."

"पुढच्या वर्षी जन्मली. बोट गेली असती आणि उलटली असती, तर तुझी बायको नाही. तुझी मुलं नाहीत. बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. पण 'नाही' ते एकटेच म्हणाले, आणि बाकी सगळे जिवंत घरी गेले."

आर्थर इतक्या जोरात उठला की पाण्याचा ग्लास कलंडला. कोट हातात घेऊनच तो बाहेर पडला. बर्फात भाड्याची गाडी सुरू होईना. दोनदा, तीनदा किल्ली फिरवल्याचा आवाज आम्ही दोघी ऐकत होतो. काकू खिडकीशी गेल्या नाहीत. गाडी गेली. मग त्यांनी टेबलक्लॉथवरचं पाणी टिपायला घेतलं आणि टिपता टिपता खाली बसल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या मराठीत म्हणाल्या, "मी त्याला नको ते बोलले." मी म्हटलं, "नाही, काकू."

पुढचे काही आठवडे वाईट गेले. आर्थरचा फोन नाही, पत्र नाही. तिकडे वादळ झालं की काकू पाद्र्याला फोन लावत. कडा किती गेला, एवढंच विचारत. गुरुवारी मला आणत, पण इस्त्री करताना बोलत नसत. एके दिवशी डॉक्टरकाका माझ्या नवऱ्याला म्हणाले, "रोज पेशंटला झोपवतो यार मी, आणि घरात हिला झोप नाही."

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा एका गुरुवारी फोन वाजला. काकूंनी उचलला आणि इस्त्री बंद कर म्हणून मला खूण केली. बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. ठेवला तेव्हा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"हलवलं. सगळ्यांना हलवलं," त्या म्हणाल्या. "आईशेजारी नाही ठेवला वडिलांना. आर्थर म्हणाला, आईला आवडलं नसतं, ती अजून बोलत नसेल. मागच्या रांगेत ठेवलाय. हॅरल्ड आणि विल्यमच्या मध्ये." मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. जोननं आग्रह धरला होता, असं नंतर कळलं. काकू जेवताना जे बोलल्या ते आर्थरनं घरी जाऊन तिला सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात काकू गावी जाऊन आल्या. काकाही बरोबर होते. आर्थरच्याच घरी उतरले. "भांडलो नाही. फार बोललोही नाही," एवढंच काकूंनी सांगितलं. येताना माझ्यासाठी बेकरीतली बिस्किटं आणली होती, विल्यमच्या नातवानं केलेली. खरं सांगायचं तर ती फार कडक होती.

दोनेक वर्षांनी काका निवृत्त झाले आणि दोघं मुलीजवळ, लीनाजवळ, टेक्सासला प्लेनोत राहायला गेले. मला तोवर गाडी येत होती. विमानतळावर मीच सोडलं. काकूंनी गेटपाशी माझ्या कडेवरच्या मुलीचा पापा घेतला आणि मागे न बघता गेल्या.

त्या आजारी असल्याचं कळलं, आणि पाठोपाठ त्या गेल्याचंही. फोन लीनाचा होता. ती इंग्रजीतच बोलते. आईनं एकच अट घातली होती, म्हणाली. दहन करा, डॅडच्या पद्धतीनं सगळं करा, पण अस्थी समुद्रात नको. मग काकांनी फोन घेतला. आवाज अगदी बसला होता.

"आपल्यात पाण्यातच सोडतात ग, शैला. मी म्हटलं, नदीत सोडू. तर ती म्हणाली, नदी कुठं जाते मग?"

शेवटी काकांनी घरामागच्या अंगणात, अक्रोडासारखी फळं येणाऱ्या पिकानच्या झाडाखाली अस्थींसाठी खड्डा खणला. टेक्सासची ती माती उन्हानं दगडासारखी झाली होती. लीनाचा नवरा कुदळ घ्यायला पुढे झाला, पण काकांनी कुणाला हात लावू दिला नाही.