मलम आणि मुका

बंगळुरात, यशवंतपूरला माझ्या खोलीखाली मेडिकलचं दुकान होतं. म्हाताऱ्या मालकाची नात रोज संध्याकाळी मुका द्यायला त्याच्याकडे झेपावायची आणि हा गृहस्थ तोंड फिरवून तिची पावलं आपल्या कपाळाला लावायचा. काहीतरी नवस असेल, असं मला वाटे.

मला लेक झाली. तिला बघायला नागपूरला जायच्या आठवड्यातच माझ्या ओठावर तापाचे फोड उठले. घाबरून खाली गेलो, त्याला सगळं सांगितलं. चिठ्ठी न मागता त्यानं मलमाची ट्यूब काढली.

"स्वल्प उशीर केलात, अण्णा. ओठ चुरचुरला की लगेच लावायचं. हात धुऊन, दिवसातून पाच वेळा. आणि तान्ह्या बाळाचा मुका नको, त्याला बाधतं. मलाही हेच उठतं."

"पण तुमचा ओठ तर साफ आहे!"

"सुकलेलं कळतं. आतून गेलेलं कळत नाही."

मग मलम तरी कशाला लावायचं, या गोंधळातच मी नागपूरला पोचलो. फोड सुकले होते. लेक मांडीवर आली. मी वाकलो, थबकलो आणि तिची पावलं कपाळाला लावली.

"अहो, लेकीच्या पाया कसले पडताय?" बायको हसली.

"नवस होता," मी म्हटलं.