तीन कोपऱ्यांचा चौकोन

आमचे पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्या हातात तलवार होती, असं घरात सांगतात. माझ्या हातात क्रोशाची सुई आली, तीही बावन्नाव्या वर्षी, मणका सरकल्यामुळे. डॉक्टरांनी दीड महिना घरी बसवलं आणि तिसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही दुपारचे ताईंकडे जाऊन बसा ना. त्यांच्याकडे गादी कडक आहे." प्रश्न गादीचा नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मेव्हणे गेल्यापासून बडोद्यातच, दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत एकटी राहते; मुलगा परगावी असतो. जेवण झालं, भांडी उपडी घातली, की खिडकीशी बसून लोकरीचे चौकोन विणायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. हल्ली सगळे ज्याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात, तेच. मधोमध एक छोटं वर्तुळ, भोवती तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे, झुबके, दर फेऱ्याला चार कोपरे. असे शंभरेक जोडले की पांघरूण. आमच्या नात्यातलं एकही बाळ ताईच्या पांघरुणाशिवाय मोठं झालेलं नाही आणि ती सगळी पांघरुणं एकसारखी. मधे पिवळं, मग दोन फेरे हिरवे, एक निळा आणि शेवटचा काठ मोतिया. त्यात बदल नाही.

मी चार दिवसांत चौकोन शिकलो आणि पाचव्या दिवशी सल्लागार झालो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला भलतंच ज्ञान झालं होतं.

"ताई, अगं जगात काय काय चाललंय! मधे उठावाचं फूल काढतात. अर्ध्या फेऱ्यात रंग मोडतात. उरलेल्या लोकरीचं तर असं काही करतात की बघत राहावं. आणि तू तीस वर्षं आपलं पिवळं-हिरवं-निळं."

"जगाला म्हणावं, चालू दे तुझं. माझा काठ मोतियाच."

"निदान एक तरी मोडून बघ."

"आधी तुझा कोपरा बघ. तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. तू चार घातलेस. मणका सरकलाय की डोकं?"

मणका जागेवर आला आणि मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये परत जाऊ लागलो. ताईकडे जाणं रविवारपुरतं उरलं. ते पावसाळ्यातलं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी गेलो, तर खाटेवर सात-आठ चौकोन ओळीनं मांडून ठेवलेले. एकाच फेऱ्यात निम्मं निळं, निम्मं हिरवं. मधे पिवळ्याऐवजी फिका गुलाबी, एकात तर पांढराच. आणि एकाला चक्क तीनच कोपरे होते, त्यामुळे तो सपाट न बसता वाटीसारखा वर आला होता.

मी उडालोच. "ताई! ऐकलंस तर शेवटी माझं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तूच म्हणत होतास ना, मोड म्हणून."

"पण ही वाटी! हे सुचलं कसं तुला?"

"सुचलं खरं."

मी फोटो काढले. घरच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'साठीनंतरचं धाडस'. तासाभरात अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस. पुण्याच्या पुतणीनं लिहिलं, 'आत्या, मला अश्शीच रजई हवी, अजिबात न जुळणारी!' ताईला मी तो मेसेज वाचून दाखवला. तिचा फोन तिच्या शेजारीच होता. मग मी का वाचून दाखवत होतो? कारण ती म्हणाली, "तूच वाच." मला वाटलं, कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं माणसाला. मला वाटतं खरं तसं.

मला आणखीही बरंच काही वाटलं. ताई खंडेराव मार्केटात एकेका भेंडीचं टोक मोडून बघणारी, भाजीवाल्यांना घाम फोडणारी बाई. एकदा तिच्याबरोबर गेलो, तर तिनं पिशवी सरळ भाजीवाल्याच्या हातात दिली. "तमेज आपो ने, भाई." तुम्हीच घाला म्हणे! भाजीवाला माझ्याकडे बघून हसला, मीही हसलो. घरी जेवताना मी ती गोष्ट नक्कल करून सांगितली. बायको हसली नाही. ती म्हणाली, "त्यांची साखर कधी तपासली होती शेवटी?" मी म्हटलं, "कंट्रोलमध्ये आहे, ताईच सांगते." विषय संपला. माझ्या घरात विषय संपवण्याचं काम माझ्याकडे आहे.

वैशाखात एका सकाळी ताईचा फोन आला. "डोळ्यात काळे धागे तरंगतायत. बाजूला सारले तरी जात नाहीत. ये."

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. मग डॉक्टर बराच वेळ बघत होते. तरुण होते, मऊ बोलणारे. दिवा बाजूला करून म्हणाले, "बेन, आटला मोडा केम आव्या?" इतक्या उशिरा का आलात?

डॉक्टरांनी मला समजावलं. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब केला आहे. डाव्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नाही. उजव्यात लेझर करू, इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येणार नाही. हे सांगताना त्यांनी तिला विचारलं, "रंग ओळखायला त्रास कधीपासून होतोय?"

"दिवाळीच्या आधीपासून," ताई म्हणाली. "निळा-हिरवा एकच दिसायचा. पिवळा तर दिसायचाच नाही. मग मधूनमधून टाकाच हरवायचा."

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा आला असतात तर..." आणि कागदावर लिहायला लागले.

परतताना रिक्षात मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

"अगं, मला सांगायचं तरी!"

"सांगणारच होते. त्या रविवारी. चौकोन मुद्दामच मांडून ठेवले होते खाटेवर. म्हटलं, तू आलास की ओरडशील, ताई, हे काय करून ठेवलंयस? मग सांगीन, की बाबा, मला दिसत नाहीये. आपणहून तोंड उघडवत नव्हतं रे."

"आणि मी..."

"तू उड्या मारायला लागलास. मला वाटलं, असेलही. कुणी सांगावं, चांगलंच झालं असेल. तुला व्हिडिओ बघून कळतं ना सगळं." ती थोडं हसली. "बरं वाटलं मला. चार महिने बरं वाटलं."

रिक्षा थांबत थांबत चालली होती, स्कूटरवाले दोन्ही बाजूंनी घुसत होते.

"तुझ्यामुळे नाही हं झालं," ती म्हणाली. "मी भ्याले होते. पोरगा येऊन घेऊन जाईल, घर बंद करील, म्हणून." आणि मग, "रावपुरा आला का?"

रावपुऱ्यातूनच चाललो होतो. तिच्या ओळखीचं लोकरीचं दुकान समोर होतं.

त्यानंतर चार वेळा लेझर झालं. इंजेक्शनं अजून चालू आहेत. उजव्या डोळ्याला मधलं थोडं दिसतं, तेही धुरकट. मुलगा आला होता. घर बंद केलं नाही, सकाळ-संध्याकाळची बाई लावून गेला. पुतणीनं रजईचं पुन्हा विचारलेलं नाही. ग्रुपवरचा तो फोटो मी काढून टाकायला गेलो, तर इतक्या दिवसांनंतर तो सगळ्यांच्या फोनमधून जात नाही. माझ्या फोनमधून तेवढा गेला.

ताई विणते. बोटांनी झुबके मोजते. मी शेजारी बसून लोकर हातात देतो आणि रंग सांगतो. गेल्या रविवारी तिनं एक चौकोन पुरा करून माझ्यापुढे धरला. "बघ."

मी बघितला. दुसऱ्या फेऱ्यात एका झुबक्यात दोनच खांब होते. तसं कुणाला कळलंही नसतं. 'वा' तोंडात तयार होतं. मला ते फार पटकन येतं.

"ताई, एक खांब राहिलाय."

"कुठं?"

मी तिचं बोट धरून तिथं ठेवलं. ती बराच वेळ चाचपत राहिली. मग "हं" म्हणाली, सुई बाजूला ठेवली आणि शेवटचं टोक ओढलं. मोतिया काठ गेला, त्याच्या आतला फेरा गेला. लोकर कुरळी होऊन माझ्या मांडीवर पडत होती.

"पोचले का?" तिनं विचारलं.

"अजून थोडं," मी म्हणालो.