तलावाचं सुतक

बाबा गेले आणि आसेगावजवळच्या आमच्या तलावात जाळं पडायचं थांबलं. आम्ही भोई. घरातलं कर्तं माणूस गेलं की दहावं होईपर्यंत त्याचे भाऊबंद पाण्यात जाळं टाकत नाहीत. बाबा तर साऱ्या तलावाचेच कर्ते, म्हणून सगळ्यांनीच आपापली जाळी खुंटीला टांगली. कुणी सांगितलं नव्हतं. माणसांचा त्यांच्यावर जीवच तेवढा होता.

पण मे महिना होता. तलाव आटून मधल्या डोहापुरता उरला होता, आणि बाबांनी पावसाळ्यात स्वतःच्या हातांनी सोडलेले कटला-रोहू त्यात दाटीवाटीने कोंडले होते. सकाळी पाहिलं तर मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. मी मत्स्यशास्त्र शिकवते, पण हे कळायला शास्त्र कशाला लागतं? अर्धे काढले असते तर उरलेले पावसापर्यंत तगले असते.

मी काकांकडे गेले. म्हटलं, "काका, आजच जाळं टाका. नाहीतर सगळे मरतील."

"दादाची राख थंडी नाही झाली अन् मी जाळं टाकू? तुले बोलवते तरी कसं, पोरी?"

"बाबांनीच सोडलेत ना ते मासे?"

"म्हनूनच तं!" काका रडायलाच लागले. "त्याच्या सुतकात त्याच्याच माशाले हात कसा लावू?"

मला त्यांचा भयंकर राग आला. इतकं प्रेम काय कामाचं! स्वतः जाळं उचलावं तर मला ते फेकता येत नाही. बाबांनी मला पुस्तकं दिली, जाळं कधी हातात दिलं नाही. घरी येऊन आईकडे पाहिलं, तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली.

दोन दिवसांनी आभाळ दाटून आलं, वारा पडला, नुसता उकाडा; पाण्यात उरली होती तेवढीही हवा संपली. सकाळी डोह पांढराफटक झाला होता. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. आम्ही टोपल्यांनी काढून खड्ड्यात पुरले, तरी किती पुरणार? हातांचा वास जेवताना घशाखाली घास उतरू देत नव्हता.

दहाव्याला काठावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. काका हात जोडून एकेक कबूल करत होते. "वहिनीले अंतर देनार नाही, दादा. पोरीचं माहेर तुटू देनार नाही." शेवटी ते चिखलातच बसले. "चुकलं माहं. पोरीचं आयकाले पायजे होतं."

पलीकडच्या काठावर कावळे मेलेल्या माशांवर तुटून पडले होते. पोटं भरल्यावर ते पिंडाकडे कशाला येतील? मी काकांना ते बोटाने दाखवलं, पुढेही कितीदा समजावलं. पण काका अजून म्हणतात, पिंड न घेताच दादा गेला तो माझ्यावर रुसूनच.