व्याह्यांच्या दोन गाड्या

कोणत्याही दोन वस्तूंची तुलना करून त्यांतील जुनीच सरस ठरवण्याची विद्या माझ्या व्याह्यांइतकी कोणालाही साधलेली नाही. तुलनेचे निकष आधी ठरवावेत, असे मी वर्गात शिकवीत आलो. व्याही निकाल आधी ठरवतात आणि निकष मागाहून शोधतात.

व्याही मूळचे नवी मुंबईतल्या बोनकोडे गावचे. तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती, आता इमारती आहेत. माझ्या जावयाने लांबलचक आलिशान गाडी आणली, तेव्हापासून त्यांची जुनी छोटी गाडी ही मोजपट्टी झाली. नवी गाडी गावातल्या गल्लीत वरातीसारखी शिरते, लोकांना ओट्यावर चढावे लागते. जुनी मांजरासारखी कडेने जाते. नवी गाडी पट्टा लावण्याविषयी बजावू लागली की व्याही तिला समजावतात, "बाय, तू नवी हायस, जरा दमानं." परंतु खरा पेच डिकीचा. तिच्याखाली पाय हलवला की ती आपोआप उघडते. गाडी म्हणजे लक्ष्मी. तिला लाथ दाखवायची? वाशीच्या बाजारात कांद्याची गोणी हमालाच्या डोक्यावर ताटकळत ठेवून त्यांनी आधी डिकीला नमस्कार केला आणि मगच पाय पुढे केला. प्रथाच असावी असे समजून हमालानेही एका हाताने नमस्कार केला.

इमारतीखालची गाड्या लावायची बाकी जागा भाडेकरूंना दिलेली, त्यामुळे जुनी गाडी विकायची असे जावयाने ठरवले. एरवी तिचे गोडवे गाणारे व्याही गिऱ्हाईक आले की तिचे दोष रंगवून सांगू लागले. अखेर खांदेश्वरचा एक गृहस्थ तिला दोषांसकट न्यायला तयार झाला. तो आला, तेव्हा आम्ही नव्या गाडीतून देवळाहून परतत होतो. सर्व उतरले, विहीणबाई बसूनच. दार आतून उघडते, असे जावयाने त्यांना सांगितले. त्या व्याह्यांकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय. जुन्या गाडीचा माज्याकडचा दार आतून उघडत न्हवता, म्हनून तुमी फेरी मारून यायचात. आता मी एकटीच उतरू काय?"

जुनी गाडी त्याच दुपारी गेली. व्याही फाटकापर्यंत तिच्यामागून चालत गेले. हल्ली ते गुडघा सावरीत नव्या गाडीला वळसा घालतात आणि विहीणबाईंचे दार उघडतात. तुलना थांबली आहे. एकदाच मला हळूच म्हणाले, "ही लांब हाय, मास्तर. फेरी मोठी पडते."

विहीणबाई आत वाट पाहत बसल्या होत्या.