बाटलीतली पहिलटकरीण

नाव कृष्णकांत धर्माजी चुरी. वय एकेचाळीस. राहणार मौजे पाम, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. हुद्दा आवक-जावक लिपिक, सरकारी कचेरी, पालघर. बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, ओळखीची खूण डाव्या अंगठ्यावर चाव्याचा जुना व्रण. व्यसन सुपारी. स्थावर मालमत्ता चिकूची काही झाडं, भावकीत सामाईक. जंगम मालमत्ता एक सायकल, एक टॉर्च. वर्तणूक समाधानकारक. सदर इसमाच्या घरी कोणतंही पाळीव जनावर नाही, असं समक्ष पाहून नमूद करण्यात येत आहे.

यातलं शेवटचं विधान १९६६ सालच्या पावसाळ्यात खरं नव्हतं. जनावर कोनाड्यात होतं, आणि समक्ष पाहणाऱ्याने कोनाडा पाहिला नव्हता.

हे सुरू झालं चार वर्षांपूर्वी. पावसाने उघडीप दिलेल्या एका संध्याकाळी कचेरीत दिवे लागले होते आणि एक पंखवाली मोठी मुंगी खिडकीतून येऊन आलेल्या टपालावर उतरली. कृष्णकांताने सवयीने शिक्का उचलला आणि तो तसाच हातात राहिला. मुंगीने मागचा पाय वर नेला आणि अंगावरचा शालू उतरवावा तसे आपले पंख एकेक करून पाडले. मग पंख टपालावर टाकून ती टिपकागदाखाली शिरली. ते चार पंख आवकमध्ये दाखवायचे की जावकमध्ये, हे त्याला ठरवता आलं नाही. तो ते पाकिटात घालून घरी घेऊन आला. मुंगीही आणली, शाईच्या रिकाम्या दौतीत. ती दोन दिवसांत मेली.

पालघरच्या वाचनालयात इंग्रजी ज्ञानकोशाचा ‘ए’ अक्षराचा खंड होता. पुढचे खंड कधी आलेच नाहीत. इंग्रजीत मुंगी ‘ए’मध्ये येते. मधमाशी ‘बी’मध्ये गेली, म्हणून पाममध्ये मधमाश्यांचा नाद कोणाला लागला नाही. त्या खंडात त्याला कळलं की मुंगळ्यांची राणी आयुष्यात एकदाच उडते, पंख टाकते, जमिनीत स्वतःला कोंडून घेते आणि पहिली पोरं कामाला लागेपर्यंत काही खात नाही. उडायला लागणारे स्नायू आता कामाचे नसतात. ती तेच अंगात जिरवते आणि त्यावर पोरं पोसते. एकदाच्या उड्डाणाचं पुढे दूध होतं. हे वाचून तो इतका वेळ खिडकीबाहेर बघत राहिला की ग्रंथपालाने दिवा मालवला तेव्हा त्याला वाटलं, संध्याकाळ आपोआप झाली.

मग दरवर्षी तो एक राणी पाळू लागला. होमिओपॅथीच्या डॉक्टरकडून लांबट काचेची बाटली आणायची. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, त्यापुढे राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. बाहेरून बदामी कागदाची सुरळी. उजेड नको, हादरा नको, खाऊ नको. एवढी शांतता त्या घरात एकाच जागी होती: स्वयंपाकघरामागची बिनखिडकीची बाळंतिणीची खोली. तिथल्या कोनाड्यात बाटली राहायची. आठवड्यातून एकदा तो टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद बांधून आत जाई, कारण लाल उजेड मुंगीला जाणवत नाही. सुरळी सरकवली की त्या लाल अंधारात ती दिसे. खाडीपलीकडच्या घरात कंदील लावून कोणी बाई काहीतरी निवडत बसावी, आपल्याला तिचं तोंड दिसू नये, पण हात दिसावेत, तशी. ती अंडी चाटायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. कृष्णकांत श्वास अडवून बघायचा. बाहेर आल्यावर जेवताना त्याची बायको विजया दोनदा विचारी, भात वाढू का, आणि तो भलत्याच गावाहून परतल्यासारखा हो म्हणे.

पण पोरं कधी झाली नाहीत. राणी घाबरली की आपलीच अंडी खाते, असंही त्या खंडात होतं. पहिल्या वर्षी हा आठवड्याची वाट न बघता सारखा बघायला जाई, म्हणून तिने खाल्ली. पुढच्या वर्षी याला राहवलं नाही, साखर घातली, खाल्ली. तिसऱ्या वर्षी कोष झाले, पण रस्त्याने खडीचे ट्रक धावू लागले होते. जमीन थरथरायची. एका रविवारी त्याला कोषांच्या नुसत्या साली दिसल्या आणि राणी एका कडेला उभी. त्यानंतर त्याने बाटली महिनाभर फेकली नाही.

शेजारचे तात्या चिकूचे बागाईतदार होते आणि दुसऱ्याच्या ओसरीवर बसून सुपारी खाणं हा त्यांचा जोडधंदा होता. ते म्हणत, “इंग्रज गेला, राणी गेली, आन् तू घरात दुसरी ठेवलीस. सरकारला कळवलंस का?” कृष्णकांत म्हणे, कळवलं असतं, पण कोणत्या खात्याला ते कळत नाही.

सासष्ट साली जूनअखेर सापडलेली राणी शांत होती. जुलैत अळ्या, मग चार कोष, भाजलेल्या तांदळाच्या रंगाचे. त्याने हिशोब केला: भाद्रपद लागता लागता पहिली पोरं. हिशोब करताना तो एक गोष्ट विसरला. त्याची बहीण उषा दातिवऱ्याला दिली होती, आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन बसली होती.

खोली एकच. विजयाने सांगून पाहिलं की बाटली माळ्यावर ठेवा. त्याने समजावलं की आता हलवली तर सगळं संपेल. शेवटी त्याची आई रखमाबाई म्हणाली, कोनाड्यातलं कोणाचं काय घेते, राहू दे. ठरलं एवढंच की दिवस भरायच्या आत तो स्वतः, हळूच, बाटली माजघरात आणील. उषा लवकर बाळंत झाली. कृष्णकांत त्या दिवशी पालघरला होता. सायकल टेकवून ओसरीवर चढला तेव्हा आत मूल रडत होतं, मुलगा होता, आणि दार लागलं होतं.

सोयर. बाराव्या दिवसापर्यंत त्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही आणि खोलीतली वस्तू बाहेर आणायची नाही. चुऱ्यांच्या घरात हा नेम कोणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि पहिला मोडणारा मुंगीसाठी मोडणार हेही कोणाला पटलं नसतं. बाटली आता बाळंतिणीच्या खोलीतली वस्तू होती.

तेव्हापासून राणीची खबर त्याला दाराआडून मिळू लागली. खबर चांगली नव्हती. रखमाबाईने बाटलीकडे एकदा नीट पाहिलं आणि ही पण पहिलटकरीण आहे असं ठरवून टाकलं. उषाच्या खाटेखाली शेगडी ठेवली की दुसरी छोटी शेगडी कोनाड्याखाली जाऊ लागली. ओवा-बाळंतशेपांची धुरी दोघींना. कृष्णकांत ओसरीवर बसून तो वास घेई आणि मनात बाटलीच्या आत जाई: काचेवर ऊब चढते आहे, भिंती घामेजल्या आहेत, ती कोष तोंडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते आहे आणि कुठेच अंधार पुरत नाही. कधी त्याला आपणच आत आहोत असं वाटे, आणि बाहेर कोणीतरी अवाढव्य, मायाळू, हातात पळी घेऊन उभं.

“आई, धूर नको तिला,” तो दाराशी जाऊन म्हणाला.

“गप रे. तिला काय वायलं आंग हाय? बाळंतिणीला उपाशी ठेवनारा जगात तूच येक. निदान शेक तरी घेऊ दे.”

खाऊ घातलेला नाही एवढं तरी कळलं, यावर त्याने समाधान मानलं.

उषाला झोप लागत नसे. मूल निजलं की त्या खोलीत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ती लाल कागदाचा टॉर्च मागून घेऊन बाटली बघे. मग दाराच्या फटीशी तोंड आणून भावाला सांगे. आज तिने चारी एका ओळीत लावले. आज एकावर डोकं टेकून बसलीय. आईला सांगू नको, पण मला बाय आवडते ही, दादा. दातिवऱ्याला सासूसमोर तोंड न उघडणारी उषा त्या फटीतून बोलत राही, आणि कृष्णकांत पलीकडे भिंतीला टेकून ऐके. लहानपणी ती तापात अशीच बोलायची आणि तो असाच ऐकायचा.

सोयर फिटायला चार दिवस होते. सकाळी तो डबा घेऊन निघणार इतक्यात आतून उषाची हाक आली, आणि ती हाक चांगली नव्हती.

“दादा, ती फाडतेय. कोष फाडतेय. पोरं खाते ती.”

मूल रडायला लागलं. पाठोपाठ रखमाबाईचा आवाज आला, केसातला आकडा दे म्हणून. कापूस काढते आणि त्या रांडेला बाजूला करते, निदान उरलेली तरी वाचतील. उषा बाटली सोडत नव्हती. कृष्णकांत दारापाशी पोचला. नुसतं ढकललं असतं तर दार उघडलं असतं. त्याच्या हिशोबाने कोष पिकायला अजून दहा-बारा दिवस होते, त्यामुळे आत काय चाललं आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. चौथ्यांदा तेच. शेगडीच्या उबेने कोष हिशोबाच्या आधीच पिकू शकतात, हे त्या खंडात नव्हतं, किंवा त्याने वाचलं नव्हतं.

तो उंबऱ्याच्या अलीकडे खाली बसला.

“आई, हात लावू नकोस,” तो म्हणाला. “खाल्ली तर खाऊ दे. तिची पोरं आहेत. काढून घेतली तर ती नक्की मरतात.”

“आन् मी नुसती बघू?”

“मी चार वर्षं बघतोय.”

मूल रडायचं थांबलं, बहुधा पदराखाली गेलं असावं. बराच वेळ नुसता धुरीचा वास येत राहिला. विजया डबा हातात घेऊन मागे उभी होती.

“दादा,” उषा हळू म्हणाली, “पाय दिसतात.”

“कोणाचे?”

“आतल्याचे. ती खात नाय रे. ओढते. चाटते आन् ओढते... डोकं आलं. गोरं हाय, उकडलेल्या शिंगाड्यासारखं. डोळे तेवढे काळे.” मग पुष्कळ वेळाने, “आलं बाहेर. पडलं. आता ती त्याला सरळ करतेय.”

रखमाबाईने कोनाड्याखालची शेगडी जरा जवळ सरकवल्याचा आवाज आला. उषा सांगत राहिली, ते उभं राहतंय, परत पडलं, आईच्या तोंडाला तोंड लावतंय. कृष्णकांताने डोळे मिटून दाराला कान लावला होता. विजयाने डबा खाली ठेवला आणि तीही भिंतीला टेकून बसली.

पालघरच्या कचेरीत आवक-जावकची खिडकी त्या दिवशी उघडली नाही.