निबंधातला खडा

दॉ ओन म्याइंग यांचे काम ऐकण्याचे होते.

ब्रह्मदेशातल्या मेइत्तिला गावात तळ्याच्या उगवतीला ऊ सो पाइंग सरांचे दहावीच्या मुलींचे वसतिगृह होते. सर शिकवायचे, निबंध लिहून द्यायचे. मुलींनी ते पाठ करायचे आणि दॉ ओन यांनी कागद हातात धरून ते म्हणवून घ्यायचे, अशी वाटणी. एखादा शब्द चुकला की दॉ ओन मांडीवर बोटाने टकटक करायच्या. मुलगी थांबायची, मागे जायची, पुन्हा सुरू करायची. इतकी वर्षे हेच चालले होते की मावशींची लुंगी मांडीवर तेवढ्याच जागी विरते, असे मुली म्हणत. मुली त्यांना मावशीच म्हणत.

फेब्रुवारी लागला की त्या गल्लीत दुपारची झोप कोणाला मिळत नसे. व्हरांड्यात मुली ओळीने बसून घसा ताणून निबंध म्हणत. शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याला 'वनसंपत्ती' तिसऱ्या परिच्छेदापर्यंत येत असे. पुढचे येत नसे, कारण तोवर त्याची जेवायची वेळ होई.

पाठांतराच्या दॉ ओन यांच्या रीती ठरलेल्या होत्या. निबंध शेवटाकडून पाठ करायचा. आधी शेवटचा परिच्छेद, मग त्याच्या अलीकडचा, म्हणजे परीक्षेत पुढे पुढे जाताना ओळखीची वाट लागते. व्हरांड्याच्या एकेका खांबाला एकेक परिच्छेद नेमून दिलेला असे. मुलीने चालत चालत म्हणायचे, आणि पेपरात अडली तर डोळे मिटून पुढच्या खांबापाशी जायचे. हौदावर आंघोळ करतानाही सुटका नव्हती. एक वाक्य, एक तांब्या. यू यू खाइन नावाची एक वात्रट मुलगी होती. ती तोंडाला साबण लावून ओरडायची, "मावशी, वाक्य आठवत नाही, पाणी घेऊ का?"

"नको घेऊस."

"डोळे चुरचुरतायत हो!"

"मग लवकर आठवेल."

पण या सगळ्यांत मोठा नियम आवाजाचा. फाटकाशी चिंचेचे झाड होते. "चिंचेला ऐकू गेलं नाही तर ते पाठ झालेलंच नाही," असे दॉ ओन बजावायच्या.

हा नियम त्या स्वतःच्या अनुभवातून शिकल्या होत्या. त्या दहावीला बसल्या तेव्हा सगळे निबंध त्यांना येत होते. मैत्रिणींबरोबर सुरात म्हणताना एक शब्द अडत नसे. पण परीक्षेच्या दालनात पहिली ओळ लिहून झाली आणि पुढे काही म्हणता काही आलेच नाही. बाहेर पाखरूसुद्धा बोलत नव्हते. त्या नापास झाल्या, मग आई आजारी पडली आणि शाळा राहूनच गेली. आपण मोठ्याने पाठ केले नाही म्हणून असे झाले, ही त्यांची तेव्हाची समजूत. तीच त्यांनी पुढे साऱ्या मुलींना दिली.

त्या वर्षी कलावच्या पलीकडच्या डोंगरातून नान मो हॉम नावाची शान जमातीची मुलगी आली होती. घरी चहाचा मळा. घरात ती बर्मी बोलतच नसे, त्यामुळे निबंधाची भाषा तिला इतरांपेक्षा जड जाई. आवाजही बारीक. दॉ ओन तिला रोज म्हणायच्या, "चिंच बहिरी आहे का ग? जरा मोठ्यानं." आणि ती मान डोलावून आणखी घसा ताणायची. ती पास झाली तर पुढच्या वर्षी धाकटी बहीण शिकायला येणार, आणि नाही झाली तर दोघींनी मळ्यात पाने खुडायची, असे घरी ठरले होते. हे तिने येताना एकदाच सांगितले होते, तेही हसत.

परीक्षा महिन्यावर आली आणि एका सकाळी तिने तोंड उघडले तर नुसती हवा आली.

दॉ ओन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले. "घसा सोलून काढलाय पोरीनं. परीक्षा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबूजसुद्धा नाही, त्यानं आणखी बिघडतं."

"पण डॉक्टर, पाठांतर?" दॉ ओन म्हणाल्या.

"जन्मभराचा आवाज हवा असेल तर नाही."

परतताना दॉ ओन यांनी तिला ताडगुळाचा खडा घेऊन दिला. ती तो चघळत गप्प चालत होती. तिने आपल्याकडे रागाने बघितले असते तर बरे झाले असते, असे दॉ ओन यांना वाटत राहिले.

ऊ सो पाइंग सर वाईट माणूस नव्हते. पण त्यांचे म्हणणे सरळ होते. "दॉ ओन, बिनआवाजाचं पाठांतर म्हणजे मासळीच्या चटणीशिवाय भात. गिळता येतो, पण लागत नाही. तिच्या वडिलांना निरोप धाडू या. पुढच्या वर्षी बसेल."

"सर, पुढचं वर्ष तिला नाही. आणि पाठ झालंय हो तिचं. म्हणता येत नाही, लिहून दाखवेल."

"लिहू दे मग."

नान मो हॉमला आतल्या खोलीत बसवले. विषय दिला 'ग्रंथालय'. बाहेर व्हरांड्यात मुली तोच निबंध घोकत होत्या. ती भराभर लिहीत सुटली. दॉ ओन यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाहेरच्या मुलींनी 'ग्रंथालय' संपवून 'वनसंपत्ती' धरला, आणि पोरीचे पेन थांबले. तिने मान वर केली, व्हरांड्याकडे पाहिले, वाट पाहिल्यासारखी. पुढचा शब्द काही कागदावर उतरला नाही.

सरांनी अर्धवट कागद दुमडला. मग म्हणाले, "पौर्णिमेला पुन्हा बसवू. तेव्हाही अडली तर मी निरोप धाडीन. उगाच पोरीला आशेवर ठेवायची नाही."

दॉ ओन यांच्या डोळ्यांपुढून ते थांबलेले पेन हलेना. ते त्यांनी पूर्वी पाहिले होते. त्यांच्याच हातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बुद्धाच्या देव्हाऱ्यापुढे बसल्या. पाण्याच्या वाट्या भरून ठेवल्या, भाताचा नैवेद्य ठेवला. रोज त्या सूत्र मोठ्याने म्हणत. पण त्या पोरीला बोलायची बंदी आणि आपण मात्र घसा मोकळा सोडायचा, हे त्यांना बरे वाटेना. म्हणून तिच्या संगतीने त्यांनीही त्या दिवसापासून पहाटेचे मौन धरले. सूत्र मनातल्या मनात सुरू केले. लहानपणापासूनचे सूत्र, त्यात काय अडणार? पण निम्म्यावर त्या अडल्या. पुन्हा सुरुवातीपासून आल्या, पुन्हा तिथेच अडल्या. शेवटी फडताळातून पोथी काढली. पाहतात तर एक अख्खी ओळ त्यांना येतच नव्हती. विहारात दहाजणींच्या सुरात ती ओळ निघून जाई, आणि घरी जीभ तिच्यावरून घसरून पुढे पळे. इतकी वर्षे भगवंताने ऐकून घेतले होते. मांडीवर एकदाही टकटक केली नव्हती.

त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती तीनदा वाचली. सूर आपल्याला येत होता, सूत्र येत नव्हते. दहावीच्या दालनातही तेच झाले होते. आवाज कमी पडला नव्हता. आवाजावाचून आपल्यापाशी काही नव्हतेच.

कळले खरे, पण करायचे काय? ते सकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी सुचले. नान मो हॉम बोलू शकत नसल्यामुळे तिला तांदूळ निवडायला बसवले होते. ती अंगणाकडे बघत होती, आणि बोटे सुपात आपली आपली फिरून खडे काढत होती.

"न बघता खडा कसा सापडतो ग तुला?"

तिने पाटीवर लिहिले, 'तांदूळ हाताला माहीत आहे.'

दॉ ओन यांनी हात पुसले, निबंधाचा कागद आणला आणि तिच्यापुढे पितळी वाटी नि चमचा ठेवला. "आता म्हणायचं मी आणि ऐकायचं तू. मध्येच कुठेतरी मी खडा टाकीन. लागला की वाटी वाजव."

पहिला दिवस वाईट गेला. 'ज्ञानाचा सागर'च्या जागी त्यांनी 'ज्ञानाचं तळं' वाचले. वाटी गप्प. एक अख्खे वाक्य गाळले. वाटी गप्प. पोरगी भक्तिभावाने ऐकत होती, जशी विहारात बायका ऐकतात. दॉ ओन यांनी कागद खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दोन्ही वाक्ये तिला दाखवली तेव्हा ती पाटीवर काही लिहू लागली आणि मध्येच तिने ते पुसून टाकले.

"रडू नकोस. घसा दुखेल," दॉ ओन म्हणाल्या. "आणि एक सांगते. हे माझ्यामुळे झालंय. चिंच बहिरी नव्हती, मीच होते. आता ऐक नीट, मोठा खडा टाकते."

मग त्यांनी 'वनसंपत्ती' घेतला आणि आपल्या देशाच्या डोंगरांवर सागवानाऐवजी वांग्यांची घनदाट अरण्ये उभी केली. वाटी खणखणली. व्हरांड्यातून यू यू धावत आली. "मावशी, वांग्याची अरण्यं! परीक्षक तर भाजून कोशिंबीरच करतील!" नान मो हॉम तोंडावर दोन्ही हात दाबून हसत होती. आवाज न करता.

"तू इथे कशाला आलीस? तुझं म्हणून झालं?"

"झालं की. पण मावशी, मलाही वाटी द्या ना. मला ते वांगं कळलंच नसतं, खरं सांगते."

दॉ ओन यांनी तिलाही वाटी दिली.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झाले की खड्यांचे वाचन चाले. आधी वांग्याएवढे खडे, मग चिंचोक्याएवढे, मग खसखशीएवढे. कधी दोन शब्दांची अदलाबदल, कधी 'परंतु'च्या जागी 'म्हणून'. वाचन संपले की नान मो हॉमने भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि निबंध मनात चालवायचा, खांबाखांबाने, घाई न करता. जिथे अडेल तिथे तळहातावर बोटाने रेघ मारायची. संध्याकाळी दॉ ओन तेवढेच भाग पुन्हा वाचायच्या. बाकीच्या मुलींचा गलका चालूच होता. सरांनी तो बंद करायला सांगितले नाही, दॉ ओन यांनीही सुचवले नाही. फक्त यू यूची वाटी अधूनमधून उगाचच वाजे. तिला वाजवायला आवडे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दॉ ओन 'गुरूंचे उपकार' वाचत होत्या आणि वाटी वाजली.

"छे ग. मी खडा टाकलाच नाही."

नान मो हॉमने पुन्हा वाजवली. शांतपणे, एकदाच.

दॉ ओन यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांनी एक शब्द आपल्या मनाचा वाचला होता. कागदावर दुसराच होता. "बाई ग," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या, पण पुढच्या ओळी त्यांना नीट दिसत नव्हत्या.

पौर्णिमेला सगळ्या मुली पॅगोड्याच्या जत्रेला गेल्या. वसतिगृहात पंख्याचाही आवाज नव्हता, कारण वीज गेलेली. सर समोर खुर्ची टाकून बसले. विषय त्यांनी आयत्या वेळी सांगितला, 'ग्रंथालय'च. दॉ ओन यांना तिथे बसवेना. त्या स्वयंपाकघरात जाऊन, आधीच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसल्या. मनात सूत्र चालू होते, या वेळी सगळ्या ओळींसह.

बऱ्याच वेळाने सर कागद घेऊन आले. "इथे बघा, तिनं एक शब्द लिहून खोडलाय आणि पुढे दुसरा लिहिलाय."

"चुकलाय?"

"खोडलेला चुकलेला होता. लिहिलेला बरोबर आहे." सर उंबऱ्यावरच थांबले. "निरोप नाही धाडत मी. तांदळात काय शोधताय एवढं? ताट वाढा पोरीला."

परीक्षेच्या दिवशी शाळेबाहेर शिरीषाच्या झाडाखाली आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. नान मो हॉमचे कोणी येऊ शकले नव्हते, म्हणून दॉ ओन उभ्या राहिल्या. यश मिळावे म्हणून आदल्या रात्री देव्हाऱ्यात ठेवलेली जांभळीची डहाळी त्यांच्या हातात होती. घंटा झाली. यू यू ओरडतच बाहेर आली, तिला 'वनसंपत्ती' आला होता आणि तिने एकही वांगे लावले नव्हते. नान मो हॉम शेवटी आली. तिने काही लिहून दाखवले नाही. दॉ ओन यांच्या हातातली डहाळी घेतली, केसांत खोवली आणि चालू लागली.

जूनमध्ये निकालाचा फलक लागला. तिचा क्रमांक त्यावर होता. सरांनी डोंगरात निरोप धाडला, पण या वेळी वेगळा.

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत एका सकाळी दॉ ओन चिंचेखाली झाडत होत्या. पाठीमागून कोणीतरी म्हणाले, "मावशी, आंबवलेला चहापाला आणलाय. आईनं दिलाय."

आवाज खोल होता, जरासा खरखरीत. त्यांना तो ओळखू आला नाही. मागे वळून पाहतात तर नान मो हॉम, आणि तिच्या मागे लुंगीचे टोक मुठीत धरून तिच्याच चेहऱ्याची एक लहानखुरी मुलगी.

"आला का ग तुझा आवाज? असा होता होय तो?"

"असा नव्हता मावशी. हा नवीन आहे." ती हसली. "हिचा जपा. हिला मोठ्यानं ओरडायची फार सवय आहे."

दुपारी जेवणे झाल्यावर तिने स्वतःच निबंधाचा कागद घेतला आणि धाकटीपुढे वाटी ठेवली. धाकटीला काय चालले आहे ते कळेना. ती एकदा बहिणीकडे, एकदा दॉ ओन यांच्याकडे बघत होती. नान मो हॉम सावकाश वाचू लागली. दॉ ओन डोळे मिटून ऐकत होत्या, आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचे बोट आपोआप मांडीवर वाजले.

"सापडला," त्या म्हणाल्या.